हनुवटीवरचे केस: त्या मेसेजमधल्या दाव्यांबद्दल

‘बाईच्या हनुवटीवर राठ केस म्हणजे अंगात पुरुषी हार्मोन शिरले. हा पीसीओडीच. मूल होणं अवघड. रेझर लावलात तर केस आणखी दाट होतील. हार्मोनच्या गोळ्यांनी महिन्यात केस जातात.’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय. तो वाचून मुली घाबरतात, म्हणून एकेक दावा तपासते.

पुरुषी हार्मोन बाहेरून शिरत नाहीत. टेस्टोस्टेरॉन हे त्यातलं मुख्य हार्मोन प्रत्येक बाईच्या अंडाशयात आणि मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींत थोडं बनतंच. कधी त्याचं प्रमाण वाढतं, तर कधी केसांची मुळंच त्याला जास्त दाद देतात. या दुसऱ्या प्रकारात पाळी नियमित, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, तरी केस येतात. अशा मुलीला ‘तुला काही झालेलं नाही’ म्हणून परत पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. तिच्या केसांच्या मुळाशी एक एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं अधिक जोरकस रूप तयार करत असतं.

पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचं काम आणि हार्मोनचं संतुलन बिघडणं, हे सर्वांत मोठं कारण आहे, हे खरं. इन्सुलिन वाढलं की अंडाशय जास्त टेस्टोस्टेरॉन बनवतं. शिवाय त्याला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी तयार होतं. पण तेवढ्यावर थांबू नका. अ‍ॅड्रिनलचा एक सौम्य जन्मजात दोष हुबेहूब पीसीओडीसारखा दिसतो. तो ओळखायला पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत, सकाळी, 17-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन या हार्मोनची रक्तात तपासणी करतात. कुशिंग सिंड्रोम (शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन फार वाढणं) किंवा डॅनाझॉलसारखं औषधही कारण असू शकतं. आणि केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळावरचे केस मागे हटले, तर लगेच डॉक्टर गाठा. क्वचित का होईना, यामागे अंडाशयातली किंवा अ‍ॅड्रिनलमधली गाठ असते.

मूल होण्याचं भाकीत हनुवटी पाहून करता येत नाही. पीसीओडीत बीज वेळेवर सुटत नाही, आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

रेझरने केस दाट होत नाहीत, हे 1928 मध्येच मोजून पाहिलंय. मूळ त्वचेखाली असतं, पातं तिथे पोहोचतच नाही. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून बोटाला टोचतं.

महिन्यात केस जाणं तर शक्यच नाही. उगवलेला केस आपलं चक्र पूर्ण करतो, त्यामुळे गोळ्यांचा फरक दिसायला साधारण सहा महिने लागतात. स्पायरोनोलॅक्टोन हे पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारं औषध चालू असेल तर त्या काळात गर्भधारणा टाळावी लागते. तोवर रेझर खुशाल वापरा.