तिथी गायब होत नाही हो! (कमेंटला जरा मोठं उत्तर)

पंचांगावरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की कॅलेंडरवर एखादी तिथी गायबच होते, एखादी दोन दिवस ठाण मांडून बसते, २०२४ ला तर लक्ष्मीपूजन कोणी ३१ ऑक्टोबरला केलं कोणी १ नोव्हेंबरला, म्हणजे पंचांग हा सगळा अंदाजपंचे कारभार आहे. हे शेवटचं मला अजिबात पटलं नाही.

तारीख रात्री बाराला बदलते, पण तिथीचा घड्याळाशी संबंधच नाही. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपली, मग ते पहाटे तीनला होवो नाहीतर भर दुपारी. चंद्र पृथ्वीच्या जवळ असला की भरभर सरकतो, लांब असला की रेंगाळतो, त्यामुळे एखादी तिथी २० तासांत आटपते आणि एखादी २६ तासांच्या वर जाते. आणि दिवसाला नाव मिळतं ते सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तिचं. आता सूर्योदयानंतर लागलेली तिथी दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाआधीच संपली तर तिला सूर्योदयच मिळत नाही, तो क्षय, आणि दोन सूर्योदय मिळाले की वृद्धी. यात कोणी मनाने काही गाळत नाही! सरासरी तिथी २३ तास ३७ मिनिटांची, दिवसापेक्षा थोडी कमीच, म्हणून क्षय जास्त दिसतात.

पंचांगातली बाकीची अंगं, म्हणजे नक्षत्र, योग, करण, हीही सूर्य-चंद्राच्या जागांवरूनच काढतात, वार तेवढा वेगळा.

आता दिवाळी. लक्ष्मीपूजन अमावास्येला प्रदोषात, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या वेळात करतात. त्या वर्षी अमावास्या ३१ ला दुपारी चारच्या सुमारास लागली आणि १ तारखेला संध्याकाळी सव्वासहाच्या आसपास संपली. आपल्या ठाण्यात तेव्हा सूर्यास्त सहा वाजून गेल्यावर, म्हणजे १ ला प्रदोषात अमावास्या जेमतेम काही मिनिटं. पूर्ण प्रदोष हवा म्हणणाऱ्यांनी ३१ धरली, दोन्ही संध्याकाळी अमावास्या असेल तर दुसरा दिवस घ्यायचा म्हणणाऱ्यांनी १ धरली, महाराष्ट्रात बहुतेकांनी १ च. वाद होता तो धर्मशास्त्राच्या नियमाचा, चंद्र कुठे आहे याचा नाही, आणि तुम्ही या दोन गोष्टी एकत्र केल्यात.

गावागावात फरक पडतो तोही याच हिशोबाने, संकष्टीला नागपूरला चंद्र आपल्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो म्हणून तर कॅलेंडरवर शहरवार वेळा छापतात.

शुभ-अशुभावर तुमचा विश्वास नसेल तर नसू दे, मी त्याबद्दल लिहिलंच नव्हतं. पण सणांचे नियम सगळ्या पंचांगकर्त्यांनी बसून एक करावेत असं म्हणाल तर मी तुमच्या बाजूने आहे. तुमच्याकडे त्या वर्षी कधी केलंत पूजन, ३१ ला की १ ला?