नियम फक्त मुलांनाच का?

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटावर आज सकाळी प्लेसमेंट विभागाची या वर्षीची नियमावली आली आणि ती वाचल्यापासून माझे कशातच लक्ष लागलेले नाही. नाव नोंदवून ड्राइव्हला, म्हणजे कंपनीच्या कॅम्पस भरतीला, गैरहजर राहिल्यास पुढच्या कंपन्यांसाठी डीबार, एक ऑफर मिळाली की दुसऱ्या कंपनीला बसण्यास मनाई, मिळालेली ऑफर नाकारल्यास प्लेसमेंटमधून कायमचे बाहेर, आणि या सगळ्यावर पालकांच्या सहीचे हमीपत्र. पाने भरून नियम आहेत, पण त्यांतला एकही बाहेरून येणाऱ्या कंपनीला लागू होत नाही. एकवीस वर्षांच्या मुलांना लेखी बांधून ठेवायचे आणि त्यांना निवडून नेणाऱ्या कंपनीला मात्र काहीच विचारायचे नाही, हे आपल्यापैकी कोणाला पटते?

माझ्या पुतणीची शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच एका कंपनीत निवड झाली होती. घरात पेढे वाटले गेले, दादाने बॉन्डच्या मुद्रांक कागदावर जामीनदार म्हणून सही केली, आणि ‘एक विद्यार्थी, एक ऑफर’ या नियमामुळे त्यानंतर आलेल्या दोन चांगल्या कंपन्यांच्या परीक्षेला तिला बसू दिले गेले नाही. निकाल लागला, पदवी हाती आली, पण जॉइनिंगची तारीख काही आली नाही. व्यवसायाच्या गरजेनुसार कळवू, एवढाच मजकूर असलेली पत्रे कंपनीकडून येत राहिली. त्या बॉन्डमध्ये तिने दोन वर्षे नोकरी सोडायची नाही असे लिहिले होते. कंपनीने तिला कधीपर्यंत रुजू करून घ्यायचे, याबद्दल एक ओळही नव्हती.

हे केवळ आमच्या घरी घडले असते तर मी नशिबाला बोल लावून गप्प बसलो असतो. २०२३ च्या सुरुवातीला विप्रोने वर्षाला साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या आणि रुजू होण्याची वाट पाहणाऱ्या मुलांना साडेतीन लाखांवर येता का, असे विचारले होते, हे तुम्हाला आठवत असेल. ज्या मुलांनी मधल्या काळात दुसरीकडे अर्जच केले नव्हते, त्यांनी काय उत्तर द्यायचे होते? आणि मुलाने उलट कंपनीला असे पत्र लिहिले असते, ठरलेल्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट द्या असे म्हटले असते, तर त्याच्या महाविद्यालयाने त्याचे काय केले असते?

कंपन्यांना जाब विचारता येत नाही, हे मी मान्य करणार नाही. २०१६ मध्ये ऑफर देऊन मागे घेणाऱ्या किंवा रुजू करून घेण्यास टाळाटाळ करणाऱ्या ३१ कंपन्यांना सर्व आयआयटींच्या प्लेसमेंट समितीने कॅम्पसची दारे बंद केली होती. आयआयटीला ते परवडते, आमच्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला परवडत नाही, हे खरे आहे. पण एकट्याला परवडत नसेल तर पूल कॅम्पसच्या वेळी एकत्र येणारी पाच-सात महाविद्यालये मिळून एक अट घालू शकत नाहीत का? मुलेही ऑफर घेऊन ऐनवेळी रुजू होत नाहीत, असे कोणी म्हणेल. तेही होते, पण त्यासाठीचे नियम तर महाविद्यालयांनी आधीच केलेले आहेत.

मी स्वतः माझ्या कंपनीच्या वतीने कॅम्पसला जातो. आमच्यासाठी किती संगणक लावायचे आणि जेवणाची काय व्यवस्था करायची, हे प्रत्येक टीपीओ, म्हणजे महाविद्यालयाचा प्लेसमेंट अधिकारी, विचारतो. या मुलांना तुम्ही कोणत्या महिन्यात रुजू करून घेणार, हे मला आजवर एकाही महाविद्यालयाने विचारलेले नाही. विचारले असते तर मला उत्तर द्यावे लागले असते, आणि ते देण्यासाठी मला आधी आमच्या कार्यालयात भांडून जागा पक्क्या कराव्या लागल्या असत्या. नियमाचा उपयोग नेमका हाच असतो.

त्या टीपीओंवर माझा व्यक्तिशः राग नाही. बहुतेक ठिकाणी हे काम एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात तासिकांशिवायचे जास्तीचे काम म्हणून पडते. कंपन्यांना विनवण्या करून ते चार ड्राइव्ह आणतात आणि प्रवेशाच्या जाहिरातीत छापण्यासाठी निवडीचा आकडा वाढवून द्या, म्हणून संस्थेचा तगादा त्यांच्याच मागे असतो. पण त्या आकड्यात माझी पुतणीही मोजली गेली होती. महाविद्यालयाच्या फलकावर हसऱ्या चेहऱ्याचा तिचा फोटो लागलेला असताना ती घरात बसून होती, नातेवाइकांच्या लग्नाला जाणे टाळत होती, आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू होण्याची वेळ आल्यावर दादा तिच्यासमोर त्याचा विषयही काढत नव्हता. शेवटी ऑफर रद्द झाल्याचे पत्र आले, तोवर ती ‘मागच्या बॅचची’ झाली होती आणि नव्या ड्राइव्हचे दरवाजे तिच्यासाठी बंद झाले होते. महाविद्यालयाकडून तिला एक फोनदेखील आला नाही.

म्हणून मी प्राचार्यांना पत्र लिहिले आहे. रुजू होण्याचा महिना ऑफर लेटरमध्येच लिहावा, तो टळून तीन महिने झाले की मुलाला कोणत्याही ड्राइव्हला बसण्याची मोकळीक असावी, हाती पडणारा पगार आणि बॉन्डची रक्कम परीक्षेच्या आधी सांगावी, प्रशिक्षणाच्या नावाखाली पैसे मागू नयेत, मूळ गुणपत्रिका ठेवून घेऊ नयेत आणि ऑफर मागे घेणाऱ्या कंपनीला पुढची दोन वर्षे आवारात बोलावू नये, एवढ्यावर कंपनीची सही घ्या, अशी मागणी त्यात आहे. पत्र उद्या संध्याकाळी पाठवतो आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना त्यावर सही करायची आहे, विशेषतः जे आज स्वतः कोणत्या ना कोणत्या कंपनीच्या भरती विभागात आहेत, त्यांनी आपले नाव, शाखा आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष मला त्याआधी कळवावे.