अर्ध्या फोटोची पूर्ण लेन्स

बोटीवर असलेल्या मामाचा कॅमेरा माझ्याकडे आला तेव्हा लेन्समध्ये कोळ्याचं जाळं होतं. निदान मला तसं वाटलं. दुरुस्तीवाल्याने ती टॉर्चसमोर धरली आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तशा आवाजात म्हणाला, "फंगस. कोकणात होता का?"

होता. दापोलीला, लोखंडी कपाटात, पस्तीसेक पावसाळे.

कॅमेरा ऑलिंपस पेन एफटी, 1966 सालचं मॉडेल. योशिहिसा मैतानी या माणसाने 1963 मध्ये पेन एफ काढला, त्याचा हा धाकटा भाऊ. साध्या 35 मिलिमीटरच्या रोलवर एका फोटोच्या जागेत हा दोन बसवतो, 36 च्या रोलवर 72. शिवाय लेन्स बदलता येते. कंपनीच्या लेखी ही खासियत, माझ्या लेखी साडेसाती, कारण बुरशी लागलेल्या लेन्सच्या जागी आता दुसरी शोधायची होती.

"फोटो अर्धा येतो ना? मग लेन्सही अर्ध्या किमतीत मिळेल," आई म्हणाली. तिचा हिशोब बाजाराला मान्य नव्हता. या लेन्स आता अडॅप्टर लावून डिजिटल कॅमेऱ्यावर चढवणारी मंडळीही घेतात, आणि त्यांचे खिसे माझ्यापेक्षा खोल. लेन्सवर 'झुइको' या ऑलिंपसच्या लेन्सच्या नावाआधी एक अक्षर असतं. ई म्हणजे पाच भिंगं, एफ म्हणजे सहा, जी सात, एच आठ. 42 मिलिमीटरची, एफ 1.2 ची (हा एफ वेगळा, लेन्सचं तोंड किती उघडतं ते सांगणारा; आकडा लहान तितका उजेड जास्त) लेन्स ही एच. तिची किंमत वाचून मी मोबाइल पालथा ठेवला आणि गुपचूप सहा भिंगांच्या 38, 1.8 वर आलो.

लेन्स आली. स्वच्छ, चकचकीत. खट्‌कन बसली. मग कळलं की एफटीमधला उजेड मोजणारा मीटर एफ 4, एफ 5.6 असलं काही बोलतच नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये एक सुई शून्य ते सातपैकी आकडा दाखवते आणि तोच आकडा लेन्सच्या कड्यावर लावायचा असतो. माझी लेन्स जुन्या पेन एफच्या काळातली, मीटर निघायच्या आधीची. तिच्या कड्यावर ते आकडेच नाहीत. सुई म्हणते चार, लेन्स म्हणते कोण चार?

सुईच्या कोणत्या आकड्याला कड्यावर काय लावायचं, याचा मी बसून तक्ता तयार केला आणि कॅमेऱ्याच्या बुडाला चिकटवला. त्यामुळे प्रत्येक फोटोआधी कॅमेरा उलटा करून वाचायचा, सुलटा करून आकडा लावायचा. तोवर समोरच्याचं हसू मावळायचं. त्यात या कॅमेऱ्याची चौकट उभी. सरळ धरला की चौदा नातेवाइकांपैकी तिघं आणि सबंध सीलिंग फॅन. म्हणून पुन्हा आडवा. "याची कसरत झाली की सांगा रे," असं म्हणून आत्या एकदा खरोखर चहा टाकून आली.

आणि 72 फोटो संपत नाहीत! पोळ्याला घातलेला रोल संक्रांतीला बाहेर निघाला. शेवटचे नऊ तर मी घरातल्या कुकरचेच काढले.

लॅबवाल्याने नेहमीच्या सवयीने पूर्ण चौकट धरून स्कॅन केलं, म्हणजे दोन-दोन फोटो जोडून. एका जोडीत डावीकडे पोळ्याचा बैल, गळ्यात हार, कपाळाला गुलाल, अंगावर झूल. उजवीकडे साठीशांतीला बसलेले नानाकाका, गळ्यात हार, कपाळाला गुलाल, अंगावर शाल. दोघांची नजर एकाच बाजूला.

काकांनी चष्मा पुसून तो बराच वेळ पाहिला.

"बैल छान आलाय," ते म्हणाले.