आधी मराठी वाचायला शिकवा

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली. तेव्हापासून गावाकडे फोन केला की हमखास ऐकू येतं, "तुमच्या जर्मनीसारखा कायदा इथे पाहिजे." समाजमाध्यमांवरच्या द्वेषाला आळा घालणारा तो कायदा मी जर्मनीत राहून पाहिला आहे, म्हणून लिहितो.

१ जानेवारी २०१८ पासून तो पुरता लागू झाला आणि २०२४ पर्यंत होता. उघडपणे बेकायदेशीर मजकूर तक्रार आल्यावर कंपन्यांना २४ तासांत काढावा लागे, नाहीतर ५ कोटी युरोपर्यंत दंड होई. पहिल्याच आठवड्यात 'टिटानिक' या व्यंग्य मासिकाचं ट्विटर खातं बंद पडलं. त्यांनी एका कडव्या उजव्या खासदारबाईंची नक्कल केली होती. आणि कायदा असूनही ऑक्टोबर २०१९ मध्ये हाले शहरात सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, चालून गेलेल्या माणसाने आपला हल्ला एका गेमिंगच्या व्यासपीठावरून थेट दाखवला. दोन जीव गेले.

कायदा नको असं मी म्हणत नाही. पण उपयोगी पडतं ते त्याआधीचं चिकाटीचं वाचन. नवनाझी '८८' लिहितात, कारण एच हे आठवं अक्षर, दोनदा म्हणजे 'हाइल हिटलर'. अशा खुणा सतत बदलतात आणि असा मजकूर हेरणाऱ्या यंत्राला दरवेळी नव्याने शिकवाव्या लागतात.

मराठीत ही सुरुवात झाली आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधन गटाने २०२२ मध्ये यंत्राला शिकवण्यासाठीचा 'महाहेट' हा संच खुला केला. २५ हजारांहून जास्त मराठी ट्विट, द्वेष, अपमान, शिवीगाळ आणि यांपैकी काही नाही अशा चार गटांत वर्गवारी केलेली. पण आपल्याकडचं विष ट्विटपुरतं कुठे असतं? ते रोमन लिपीतल्या मराठीत असतं, फोटोवरच्या मजकुरात असतं, गोड शब्दांत गुंडाळलेल्या जातीच्या टोमण्यात असतं. व्हॉट्सॲपवरचं तर बंद पाकिटातलं. ते पाकीट यंत्रासाठी फोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

पालघर आठवा. २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली होती. माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाखाली ती झाली, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. म्हणून यंत्राने हेरलेला मजकूर थेट पोलीस ठाण्यात जाता कामा नये. आधी तो मराठी जाणणाऱ्या माणसांनी वाचावा, आणि ज्यांच्यावर ही गरळ ओकली जाते, त्या वस्त्यांतली मुलंमुली त्यांत असावीत, रीतसर पगारावर. या कामासाठी विद्यापीठांना पैसे द्या, ही मागणी मी अजून एकाही फोनवर ऐकलेली नाही.