बोलणारा माणूस

माझ्या घरांच्या दलालीच्या दुकानात एक पोरगा ठेवावा म्हटलं. फोन उचलायचा, गिऱ्हाईक गाडीवर बसवायचं, विश्रामबागेतला फ्लॅट दाखवून आणायचा. बहिणीचा मुलगा रिकामाच होता. तोंडाने चुरचुरीत, सांगलीची गल्ली न् गल्ली पाठ. पण 2023 च्या जानेवारीत महारेराचं, म्हणजे राज्यातल्या घरबांधणीच्या धंद्यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं, फर्मान निघालेलं: एजंटाने तर प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यायचीच, शिवाय त्याच्या हाताखालचं जे माणूस गिऱ्हाइकाशी बोलतं, त्यानेही द्यायची. आता या धंद्यात न बोलणारा माणूस घेऊन मी काय करू?

माझी नोंदणी आहे. पाच वर्षांसाठी 10,000 रुपये भरलेत. प्रमाणपत्र दर्शनी लावायचं हाही नियम, म्हणून ते लक्ष्मीच्या फोटोशेजारी टांगलंय. उदबत्ती दोघांत एकच. विनानोंदणी धंदा केला तर दिवसाला 10,000 दंड. आणि समोरचा पानवाला, ज्याच्याकडे उधारीच्या वहीपलीकडे कसलीच नोंद नाही, तो कात लावता लावता त्याच नव्या स्कीममधला टू बीएचके खपवतो!

भाचा अभ्यासाला बसला. दोन दिवसांनी म्हणाला, "मामा, ह्यात पुराचं कायच न्हाई की वो!"

खरंच नव्हतं. सांगलीत गिऱ्हाईक आधी विचारतं, "2019 ला पाणी कुठवर आलतं?" मग 2005 चं, मग 2021 चं. दराचा नंबर त्यानंतर. भाचा जिन्याच्या भिंतीवरचा मातकट पट्टा दाखवून पायरी सांगतो, नव्या रंगाखालचा ओलावा बोटाने ओळखतो. या विद्येला परीक्षेत मार्क नाहीत.

तरी पास झाला. पहिलंच गिऱ्हाईक आलं, निवृत्त मास्तर आणि बाई. मी सवयीने सुरुवात केली, "बाराशे स्क्वेअर फूट, हवेशीर..."

"ते सुपर बिल्टअप, जिना-लॉबी धरून," भाचा म्हणाला. "कार्पेट, म्हंजे घरातली वापरायची जागा, आठशे चाळीस. रेरा कायद्यात कार्पेटच धरत्यात."

मी त्याच्याकडे डोळे वटारले. त्याला वाटलं, पुढचं सांग म्हणतोय.

"आणि काका, करार रजिस्टर झाल्याबिगर बिल्डरला 10 टक्क्यांच्या वर पैसे द्यायचे नाहीत. कलम 13."

बिल्डरच्या माणसाने दिलेली चिठ्ठी मी गुपचूप ड्रॉवरमध्ये सरकवली. तिच्यावरचा आकडा जरा निराळा होता.

मास्तरांनी खुर्ची भाच्याकडे वळवली. "पाणी कुठवर आलतं रे बाळा?"

"तिसऱ्या पायरीला, काका."

"बरं." मग माझ्याकडे न बघताच, "तुम्ही तेवढं चहाचं बघा की."