'ईओएफ() विचारून लूप थांबवला तर काय बिघडलं?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेच्या पहिल्याच धड्यात, गुण वाचून त्यांची बेरीज करणाऱ्या लूपसाठी (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या सूचनांसाठी) 'व्हाइल (सिन >> गुण)' ही अट ('सिन' म्हणजे इनपुट वाचणारं साधन; त्याला गुण वाचता येतात तोवरच लूप चालतो) दिल्याने नवशिके बिचकतात, 'व्हाइल (!सिन.ईओएफ())' (इनपुटचा शेवट आलेला नाही तोवर) वाचताक्षणी कळते आणि तुमच्याकडे ती बरोबर चालते.

चालते, ती बहुधा तुमच्या फाइलच्या शेवटी एंटर नसल्यामुळे. १०, २०, ३० असे गुण एकाखाली एक लिहा आणि ३० नंतर एंटर दाबून फाइल सेव्ह करा. ३० वाचून झाल्यावर सिन त्या एंटरपाशी थांबतं. पुढे काही उरलेलं नाही हे त्याला अजून कळलेलं नसतं, कारण ईओएफ() फक्त झालेल्या वाचनाबद्दल सांगतं, होणाऱ्या नाही. लूप पुन्हा आत शिरतो, वाचन फसतं, 'गुण'मध्ये जुने ३० तसेच राहतात आणि बेरीज ६० ऐवजी ९० येते. शेवटचा एंटर खोडला की पुन्हा ६०! अशी चूक विद्यार्थ्याने शोधायची तरी कुठे? म्हणून या अटीबाबत मी आग्रही आहे.

कीबोर्डवर तर आणखी वाईट. आकड्याऐवजी चुकून अक्षर टाइप झालं, तर वाचन फसतं, अक्षर जागचं हलत नाही, इनपुटचा शेवटही आलेला नसतो. लूप फिरतच राहतो. माझ्या अटीत तो तिथेच थांबतो. पुन्हा विचारायचं असेल तर आधी सिन.क्लिअर() (वाचन फसल्याची खूण पुसायला), मग सिन.इग्नोर() (अडकलेलं अक्षर टाकून द्यायला). उलट क्रमाने केलंत तर इग्नोर() काहीच करत नाही.

-१ टाकून थांबण्याचा तुमचा पर्याय गुणांसाठी मला मान्य आहे, तापमानासाठी नाही, कारण ते खरंच -१ असू शकतं. मात्र -१ची तपासणी बेरजेच्या आधी हवी, नाहीतर उत्तर एकने कमी येतं. शिवाय -१ न येताच इनपुट संपू शकतं, म्हणून 'व्हाइल (सिन >> गुण && गुण != -१)' असं लिहा.

कीबोर्डवरून इनपुट संपवायचं कसं, हे मुलांना सांगायला हवं, ही तुमची सूचना अगदी रास्त आहे. विंडोजवर नव्या ओळीत कंट्रोल-झेड आणि मग एंटर. लिनक्स आणि मॅकवर नव्या ओळीत नुसतं कंट्रोल-डी. ओळीच्या मध्येच कंट्रोल-डी दाबलं तर तोवर टाइप केलेलं तेवढं प्रोग्रामकडे जातं, शेवट होत नाही. तिथे ते दोनदा दाबावं लागतं.