तो 'अल्फेलियन'वाला मेसेज फॉरवर्ड करू नका

शाळेच्या पालक ग्रुपवर परत तो मेसेज आलाय, की सूर्य ९ कोटी किमीवरून १५.२ कोटी किमीवर गेलाय म्हणून ऑगस्टपर्यंत थंडी वाजणार, सर्दी-खोकला होणार, पोरांना जपा वगैरे. आधी शब्दच चुकलाय, तो ॲफेलियन आहे, मराठीत अपसूर्य. दरवर्षी जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असते, साधारण १५.२ कोटी किमी, हे खरंय, पण ९ कोटी कुठून आणलं देव जाणे, सगळ्यात जवळ असते तेव्हाही १४.७ कोटी असतंच, म्हणजे फरक जेमतेम ३ टक्क्यांचा.

आणि गंमत म्हणजे जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला! तेव्हाच तर निफाडला द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतात ना?

मुलांनो, थंडी पडते कारण पृथ्वीचा अक्ष २३.५ अंश कललाय. डिसेंबरात नाशिकला भर दुपारीही सूर्य दक्षिणेला झुकलेला, जेमतेम ४६-४७ अंशांवर. घरी टॉर्च घेऊन बघा, फरशीवर सरळ धरला की छोटा झगझगीत गोल पडतो, तिरका धरला की तोच उजेड लांबट पसरून फिका होतो, ऊनही तसंच पसरतं. त्यात दिवस लहान, आकाश निरभ्र म्हणून रात्री जमिनीची उष्णता भराभर निघून जाते, वर उत्तरेचं गार वारं.

जुलैत जो गारवा वाटतो तो ढगांचा आणि पावसाचा. सर्दीचं खापर सूर्यावर नको, भिजलेलं दप्तर घेऊन कोण फिरतं ते आईला माहितीये :)